कंडक्टरचा घास

प्रिय समीक्षा,

लेकी, अनेक आशीर्वाद. त्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "हो, हो" करत राहिलो, कारण तुझी सासू, आपली अव्वा, शेजारीच शेंगा फोडत बसली होती. हैदराबादचे ते गृहस्थ येत्या रविवारी गाडी घेऊन येणार आणि टाकी, मासे, प्रवाळ सगळं जपून नेणार. हे तू माशांच्या भल्यासाठीच ठरवलंस, मला कळतं. संगूने करून ठेवलेलं खाद्य संपलं की त्या जिवांना लातुरात कोण काय घालणार, ही तुझी काळजी. मी हो म्हणालो खरा. ते हो मागं घ्यायचं की नाही, यासाठी हे पत्र. फोनवर सांगता येत नाही. फोन अव्वा उचलते, आणि यातलं बरंचसं तिच्यापुढे बोलता येत नाही.

कंधारच्या शाळेत आम्हाला शिवमूर्ती मास्तर होते. वृत्तं शिकवायला ते स्वतःच ओळी रचायचे. भुजंगप्रयातासाठी त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं:

निळ्या पाणियाशी कुणी हाक देते
घरी ना कुणीही, दिवा कोण लावी

समुद्र मास्तरांनी पाहिला नव्हता, आम्हीही नाही. किल्ल्याच्या खंदकातलं पाणी हाच आमचा समुद्र. मी उभा राहून विचारलं होतं, घरी कुणी नाही तर दिवा लावतं कोण? मास्तर म्हणाले, "अण्णाराव, अर्थ मागाहून येतो. आधी चाल धर." मग आयुष्यभर दुकानात कापड मोजताना मी चालच धरून राहिलो. आणि म्हातारपणी आपल्या संगूने वरच्या खोलीत खराच समुद्र आणला. ज्या गावाला एके काळी रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथं हा पोरगा गाळलेल्या पाण्यात मीठ कालवतो म्हणून गल्ली हसली. गल्लीतला गुंडप्पा तर मला दुकानात येऊन म्हणायचा, "अण्णाराव, तुमच्या पोराला म्हणावं, एखादी घागर गोड्या पाण्याची पण करून दे की." तू नांदेडला गेलीस, खोली रिकामी झाली, तरी दिवेलागणीला टाकीवरचा तो निळा दिवा आपोआप लागतो. खिडकीतून त्याचा उजेड रस्त्यावर पडतो. जाणारे-येणारे विचारतात, वर कोण राहतं हो? आत घड्याळ बसवलेलं आहे, त्याची ही करामत, हे मला ठाऊक आहे. तरी मास्तरांची दुसरी ओळ ओठावर येते.

तुम्हा दोघांचे खाद्य करायचे ते रविवार मला सारखे आठवतात. गच्चीच्या दाराशी तुमचा वेगळा मिक्सर, वेगळी सुरी, वेगळा छोटा फ्रीजर. कोळंबी सोलायची, माकूल चिरायचं, शिंपल्यांतलं मांस काढायचं, समुद्री शेवाळाची ती कागदासारखी पानं भिजवायची, वर लसणाचा रस. मी दारात उभा राहायचो, नाकाला उपरण्याचं टोक लावून. गळ्यात इष्टलिंग असलेला माणूस याहून पुढे कसा येणार? तू म्हणायचीस, "अप्पा, मी करून राहिले ना, तुम्ही लांबूनच बघा. माशांना जाडसर, प्रवाळाला बारीक. अन् मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, नाही तर लापशी होती." मग ते सारण पिशवीत भरून तू लाटण्याने पापडासारखं पातळ करायचीस आणि संगू पट्टी धरून त्यावर चौकोन पाडायचा, म्हणजे गोठल्यावर चिक्कीसारखं कटकन मोडतं. अव्वा, म्हणजे आमची रत्नम्मा, मात्र कधी वर आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. देवळाच्या पायऱ्यांना तेच गुडघे कुरकुरत नव्हते, हे तुलाही दिसत होतं आणि मलाही. वर मासळी असते म्हणून जिना चढत नाही, असं ती शेजारणींना सांगायची. तुझ्या हातचं पाणी तिने कधी घेतलं नाही, त्यात मात्र मासळीचा काही संबंध नव्हता. माहेरून आणलेली बुद्धांची लहानशी मूर्ती तू वरच ठेवलीस, खालचं देवघर खाली राहिलं, आणि मध्ये जिना.

संगूला त्या तापाने नेलं, तू पुन्हा नोकरीवर रुजू झालीस, आणि मासे माझ्याकडे आले. पंप बंद करायचा, खाद्याचा एक तुकडा टाकीच्याच पाण्यात विरघळू द्यायचा, वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं आणि उरलेलं सावकाश आत सोडायचं. पंपाची घरघर एरवी खालच्या खोलीतही ऐकू येते. तो थांबला की घरच श्वास धरून बसल्यासारखं वाटतं. त्या शांततेत प्रवाळ तोंडं उघडतात. पोराच्या हातचं म्हणून मी पुरवून पुरवून घालत होतो. उन्हाळ्यातच संपायला हवं होतं ते. संपेना. एक पिशवी काढावी तर तिच्याखाली दुसरी. वाटलं, वय झालं, माझाच काहीतरी घोळ होतोय. मग एकदा हाताला लागलेल्या पिशवीवर चौकोन नव्हते. तिरक्या रेघा होत्या, खोबऱ्याच्या वड्या पाडतात तशा. एक कोपरा मात्र तुमच्या पिशव्यांसारखाच मुडपून दोऱ्याने वेगळा बांधलेला, त्यात मोहरीएवढं बारीक चिरलेलं. तो कोपरा मी नेहमी बाकीच्यातच मिसळून टाकायचो. कशाला वेगळा असतो, मला कुठं माहीत?

त्यानंतर पावलं दिसायला लागली. दुपारी मी वाचनालयात जातो, जुने दिवाळी अंक चाळत बसतो. परत आलो की जिन्यावर ओली पावलं. सगळी वरून खाली येणारी. वर जाणारं एकही नाही. आणि जिन्यात खारट, गार वास. आपल्या गावात दुपारच्या उन्हात जमीन अशी कोरडी की सांडलेला तांब्या बघता बघता वाळतो, तिथं वरून कोण ओल्या पायांनी उतरतं? सरजाबाईला विचारलं. भांडी घासता घासता ती म्हणाली, "मला काय इचारता अप्पा? वर मिक्सर वाजतो अन् माणूस दिसत न्हाई. म्या झाडू घेऊन पयल्या पायरीपतोर जाते, फुडं न्हाई. तुमी बी दुपारचं वर जाऊ नका." मी गेलो नाही. भ्यालो असं म्हण. पण खरं सांगू, वर जाऊन कुणीच दिसलं नाही तर, याची भीती जास्त होती.

मग एका दुपारी वाचनालय बंद निघालं. घरी परत आलो तर आवाज माझ्या कानांनी ऐकला. मिक्सर फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. तू सांगायचीस तसंच. मी चपला काढून जिना चढलो. पोहोचेपर्यंत आवाज थांबला होता, पंपही थांबला होता. खोलीचं दार लोटलेलं. फटीतून पाहिलं तर टाकीपुढं रत्नम्मा. पदर गळ्याशी घट्ट आवळून घेतलेला, हातात तुमचा तो लांब ड्रॉपर. उजवीकडे मान वळवून ती विचारत होती, "एवढं पुरे का रे?" मग थांबली. माणूस ऐकताना थांबतो तशी. आणि आणखी थोडं पाण्यात सोडलं. उजवीकडे संगूचा स्टूल आहे, रिकामा. हे सगळं मी दुःखावर घालून सोडून दिलं असतं, समीक्षा. पण खाद्य पाण्यात तरंगत होतं आणि मासे खात नव्हते. तिच्या हाताकडे बघतही नव्हते. सगळे काचेला येऊन स्टुलाकडे तोंड करून उभे होते, संगू बसायचा तेव्हा असायचे तसे. प्रवाळांची तोंडंही उघडी. मी आलो तसा खाली गेलो. नंतर गच्चीवरच्या नळाखाली पाणी पडल्याचा आवाज आला. अंगाचा वास देवघरात नको म्हणून ती वरच अंघोळ करून ओल्या पायांनी उतरते, हे तेव्हा कळलं.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तिने आपणहूनच सांगितलं. कोळंबी सरजाबाई आणते, पिशवीत कोथिंबिरीखाली लपवून. मिक्सरच्या त्या गोष्टी मला वर जाऊ द्यायचं नाही म्हणून रचलेल्या. सरजाबाई पदराआड हसत म्हणाली, "मंग काय करावं? तुमी वर गेला असता तर आव्वानं मलाच धरलं असतं." मी विचारलं, रत्नम्मा, शिकवलं कुणी तुला? ती तव्यावरून नजर न हलवता म्हणाली, "तोच सांगतो की. लई बारीक नको म्हणतो. अन् कोपरा कंडक्टरचा, त्याचं तोंड लहान हाय म्हणतो." कोण कंडक्टर, मी विचारलं. खुळ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. "तो पिवळा न्हाई का, दगडाच्या भोकातनं मुंडकं काढून बघतो, त्यो." आता मी मनाची समजूत घालतो, की जिन्याच्या तळाशी उभी राहून तिने कधी तुमचं बोलणं ऐकलं असेल. पण गच्चीचं दार तुम्ही लावून घ्यायचा, तिलाच वास नको म्हणून. तुम्ही दोघं लातूर-नांदेड एसटीत भेटलात, हे तू एकदा मला सांगितलं होतंस. तिला ते कुणी सांगितलं नाही. तिने कधी विचारलंच नाही. दुसऱ्या दिवशी मी तो बांधलेला कोपरा वेगळा विरघळवून त्या दगडाशी सोडला. पिवळा मासा आख्खा बाहेर आला, तो मी पहिल्यांदाच पाहिला, आणि सगळं खाऊन परत आत गेला.

हे पत्र रत्नम्माने लिहायला बसवलंय. तिचं म्हणणं, "तो मिक्सर पोरीचा हाय. न इचारता हात लावला. लिहा तिला. हो म्हणाली तर फुडं करीन, न्हाई म्हणाली तर जाऊ द्या टाकी हैदराबादला. अन् म्हणावं, बारीक किती करायचं ते एकदा येऊन बघून जा. तो सांगतो, पण मला नीट ऐकू येत न्हाई." एवढंच तिला विचारायचं आहे, आणि उत्तर तुझंच. तुझ्या बाबांना, धम्मानंदरावांना, माझा जयभीम सांग. मलाही एक विचारायचं होतं, तुम्ही दोघं त्या पिवळ्याला काय म्हणत होता ते. पण राहू दे. मास्तरांनी सांगितलं तसं आधी चाल धरतो. आता दिवेलागण झाली आहे. सरजाबाई घरी गेली. रत्नम्मा माझ्यासमोर बसून लसूण सोलते आहे. डोक्यावर पंखा फिरतोय, वीज गेलेली नाही. आणि आत्ताच, हे वाक्य लिहिताना, वरचा पंप थांबला. रत्नम्माने एकदा छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "लवकर लिहा. त्यांची खायची वेळ झाली."

तुझ्या होकाराची वाट बघणारा,
तुझाच,
अप्पा