चौकटीच्या दोन पट्ट्या

आप्पा, आज आठवीला त्रिकोण शिकवला. निपाणीच्या शाळेत दरवर्षी मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचण्या घेऊनच वर्गात जाते. चार पट्ट्यांचा चौकोन बोटानं ढकलला की लोळतो, तीन पट्ट्यांचा त्रिकोण जागचा हलत नाही. तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोनही ठरले. मुली वहीत उतरवून घेतात, समभुज, समद्विभुज, विषमभुज. मी मात्र फळ्याकडे तोंड करून उभी राहते. हे मला पुस्तकाच्या आधी तुम्ही शिकवलं होतं, आणि त्याचं मी काय केलं ते कुणाला ठाऊक नाही.

अनगोळच्या आपल्या घरापुढच्या शेडमध्ये तुम्ही दाराची चौकट जोडता, गुण्या लावून काटकोन बघता आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर तिरक्या पट्ट्या ठोकता. "भिंत चढंपतुर ही काढायची न्हाय गं. पट्टी हाय तवर कोपरा हाय." मी आठवीत. शाळेत गणिताचं प्रदर्शन, आणि मला समभुज त्रिकोण न्यायचाय. हिंडलग्याच्या एका गिऱ्हाइकाची सागवानी चौकट तयार उभी होती. तुम्ही आत जेवत होतात. मी दोन्ही पट्ट्या उपटल्या, तिसरी तेवढ्याच मापाची तुकड्यांतून कापली. तेवढ्यात टेम्पो आला, हमालांनी चौकट चढवली, आणि तुम्ही हात धुऊन बाहेर येईतो टेम्पो गल्लीबाहेर गेलाही. मी तिन्ही पट्ट्या दप्तरात सरकवल्या.

महिन्याभरानं ते गिऱ्हाईक आपल्या दारात उभं. "मिस्त्री, दार लागतच न्हाय. चौकट वाकडी बसलीया. लई नाव ऐकून आलतो तुमच्याकडं." शेजारची चार माणसं ऐकत होती. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "व्हय, माझ्याच हातनं कायतरी ऱ्हायलं असंल." दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथं दिवसभर दाराच्या कडा रंध्यानं तासत होतात. मी डबा घेऊन आले होते. दार लागलं, पण वर एका बाजूला बोटभर फट राहिलीच. त्या गल्लीतलं काम पुन्हा कधी तुमच्याकडे आलं नाही.

त्याच संध्याकाळी माझा बक्षीस मिळालेला त्रिकोण तुम्ही फळीवरून खाली काढलात. मी त्यावर रंगीत कागद चिकटवला होता. कागदाखाली खिळ्यांची भोकं होती, तिथं तुमचा अंगठा थांबला. मला वाटलं, आता कानाखाली बसणार.

"तिन्ही कोन केवढं गं?"

"साठ-साठ. बेरीज एकशेऐंशी."

"ब्येस," म्हणालात, आणि तो होता तिथं ठेवलात.

आई गेल्यापासून मी इथं एकटीच असते. वह्या तपासून झाल्या की घरात बोलायला कुणी नसतं. मला हक्कानं 'गं' म्हणणारं आता कुणी उरलं नाही, याचं फार वाईट वाटतं. हे पत्र कुठं टाकायचं नाही, टेबलाच्या खणात ठेवीन. सांगायचं होतं पण तुम्ही राहिला नाहीत, असं मघाशी लिहिणार होते. ते खोटं आहे, आप्पा. त्यानंतर पंधरा वर्षं तुम्ही रोज माझ्या समोर जेवायला बसत होतात.