पॅनलचं तोंड

३ एप्रिल २०२५
सकाळी आंघोळ करून अनवाणी विहिरीवर गेलो. आमचं गाव आणि शेजारचं टोली गाव, दोघांचा मिळून सोलर पंप आज सुरू व्हायचा होता. गोंदियाचा फिटर उमेंद्र पॅनल दक्षिणेकडे तोंड करून बसवत होता. थांबवलं. दक्षिण यमाची. शुभ कामाचं तोंड पूर्वेला. तो म्हणाला, काकाजी, धूप तो साउथ से मिलेगी. विचारलं, पंप समितीचा अध्यक्ष कोण? त्याने मुकाट्याने फिरवलं. हळद-कुंकू लावून नारळ फोडला.
पाळी ठरवून दिली. सकाळी आमचं गाव, दुपारी टोली. यात माझा स्वार्थ नाही.

५ एप्रिल
सकाळी पाण्याला चांगला जोर. वीस तारखेला गोंदियात हवामानबदलाची कार्यशाळा आहे. 'दोन गावं, एक सूर्य' यावर बोलणार. रोज एक पान लिहायचं. आज शीर्षक लिहिलं.

९ एप्रिल
टोलीच्या सरपंच जमुनाबाई आल्या. म्हणाल्या, दुपारी नळाले धार नाही, बाया बोडीच्या तळ्यातलं गढूळ पाणी भरून राहिल्या. काऊन जी अध्यक्ष, सूर्य टोलीवर रुसला का? सांगितलं, पॅनलवर धूळ असेल. सहकार्यात संयम लागतो. हे वाक्य भाषणात घ्यायचं.

१० एप्रिल, दुपारी १
पॅनल पुसलं. फरक नाही. ढग असावेत. दिसत नाहीत, पण फार वर असतील.

१२ एप्रिल
बैठक. उमेंद्रने पुन्हा दिशेचं काढलं, दुपारी ऊन पॅनलच्या पाठीवर जातं म्हणाला. नाही म्हटलं. जमुनाबाई म्हणाल्या, राहू द्या पूर्व. पाळी बदलवा. सकाळ आम्हाले, दुपार तुम्हाले. सगळे हो म्हणाले. यालाच सहकार्य म्हणतात, असं मीही म्हणालो.

१५ एप्रिल
आमच्या नळाला थेंब. सून नीतू टोलीहून पाण्याचे गुंड भरून आणते. तिथल्या बाया म्हणतात, घे वं, अध्यक्षाच्या देवघरालेही होईल. आज तिने विचारलं, मामाजी, पूर्व देवाले पाहिजे का तुम्हाले?
देवघरात जाऊन बसलो. नीतूची सासू गेली तेव्हा तिच्या उशाशी दिवा लावला तो दक्षिणेकडे. दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्या बाजूला तोंड करून जेवायलाही बसत नाही.

१८ एप्रिल
इथलं प्रतापगडचं देवस्थान आपल्या दक्षिणेलाच आहे. म्हणजे महादेव तिकडे. आधी कुणी लक्षात आणून दिलं नाही. समितीत जाणकार माणसं हवीत.

१९ एप्रिल
कार्यशाळेत जमुनाबाई बोलणार, असं ठरलं. त्यांना माझं शीर्षक दिलं. त्यांनी घेतलं नाही.
दुपारी उमेंद्रकडून पाना मागून आणला. चार बोल्ट ढिले केले. त्याने एक बाजू धरली, दुसरी मी. पॅनल दक्षिणेकडे फिरवलं. वाईट काही झालं नाही. पाणी आलं.