खिंड दिसत होती

प्रिय स्नेहल,

तुझी पत्रिका मिळाली. गणपती झाल्यावर वाडीत माझा सत्कार, शाल-श्रीफळ, आणि नावाखाली ‘वाडीची वैमानिक कन्या’. मी विमान चालवत नाही. हवाई तळावर हवामानाच्या खोलीत बसते आणि ढग किती खाली आहेत ते सांगते. चूक एवढीच असती तर फोनवर हसून सांगितली असती.

हा तळ महायुद्धात इंग्रजांनी बांधला. बाजरीच्या शेतांतून धावपट्टी काढली आणि युद्ध संपलं तसे निघून गेले. पुढे कित्येक वर्षं आसपासच्या गावांनी त्या पट्टीवर मिरच्या वाळवल्या. आमच्या मेसमधले मुरारीमामा धावपट्टीची एक कड दाखवून अजून सांगतात, ‘ही आमच्या आजीची जागा.’ मग सीमेवर लढाया झाल्या, तळ पुन्हा सुरू झाला, लढाऊ विमानं आली आणि तीही दुसरीकडे गेली. आता इथे मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं असतात. पावसाळ्यात आमचं मोठं काम म्हणजे पूर आणि दरडी. निघण्याआधी वैमानिक मला पहिलं हेच विचारतात, की तिथे ढग जमिनीपासून किती उंचावर आहेत. उपग्रहाला ते वरून दिसतात. खालची बाजू तिथे उभ्या असलेल्या माणसालाच दिसते.

कुशाबाकाकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. आपण लहान असताना ते खळ्यावरून बोट दाखवायचे. देवळाचा कळस दिसला तर गुरं सोडा, वरच्या खिंडीतला आंबा दिसला तर कपडे बाहेर घाला. तू त्याला ‘बाबांचं हवामान खातं’ म्हणायचीस. प्रशिक्षणात असताना मी एकदा नकाशावर मोजलं, तर ती खिंड वाडीपेक्षा चारशे दहा मीटर उंच निघाली. तुला कळवलं तेव्हा तुझं उत्तर आलं, ‘मग बाबांचा पगार चालू करा.’

गेल्या वर्षी दरड आली त्या दिवशी तू मुंबईत अडकली होतीस. कशेडी घाट बंद होता, पोलादपूरकडचा रस्ता वाहून गेला होता, आणि तुझी आई, माझी राहीकाकी, पडलेल्या भिंतीखालून काढून समाजमंदिरात ठेवली होती. पायातून रक्त थांबत नव्हतं. तळावर दुपारपासून हेलिकॉप्टर तयार उभं होतं. माझ्या कागदावर त्या भागासाठी लिहिलेलं होतं, ‘ढग जमिनीलगत’. तीन वाजून दहा मिनिटांनी काकांचा फोन आला. ‘खिंडीतला आंबा दिसतोय गो. काकी सुदीवर हाय. धाडशील ना?’ मी म्हणाले, ‘बघते, काका.’

स्नेहल, त्यांनी मला आकडाच दिला होता. ढग चारशे दहा मीटरच्या वर. तो आकडा मीच मोजलेला होता.

मी तो पुढे दिला नाही. वाडी माझी आहे हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. गावासाठी हिने कागद बदलला, असं कुणी म्हणू नये, एवढाच विचार मी केला. कुणा अनोळखी माणसाने हेच कळवलं असतं तर ‘स्थानिक माहिती, खात्री नाही’ असा शेरा मारून मी ते वैमानिकांना सांगितलं असतं. तशी पद्धतच आहे. उड्डाण पाऊण तासाचं. ढग पाचच्या सुमाराला परत उतरले, हे नंतर वाडीतूनच कळलं. हेलिकॉप्टर पोचलंच असतं, काकी वाचलीच असती, असं मी म्हणत नाही. दिवेलागणीला ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टरने अकरा जणांना उचललं, आणि त्यासाठी तुम्ही मला शाल देताय.

तेराव्याला मी वीर स्टेशनला उतरून आले, ते तुला आठवत असेल. पडवीत सगळ्यांसमोर शेजारच्या आनंदीबाईंनी काकांना विचारलं, ‘काय रे कुशाबा, पोर तिकडं बसलेली असताना तुला फोन करायला नाय सुचला?’ काका माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘रेंजच नाय व्हती.’ मग रामाने टॉवरवाल्यांना शिव्या घातल्या, कुणी म्हणालं, तो टॉवर नुसता शोभेला हाय, आणि बोलणं तिकडे गेलं. मी चहाचा कप धरून बसले होते.

सत्काराला मी येणार नाही. काल वरिष्ठांना सगळं लेखी दिलं. त्याचं काय व्हायचं ते होईल. पण त्यांच्याआधी हे तुला कळायला हवं होतं. पत्र लिहिलं ते तुझ्या बाबांसाठी. ज्यांची बायको गेली ते वर्षभर माझ्यासाठी खोटं बोलतायत, आणि त्यांनी फोन केला नाही, असा ठपका वाडीत स्वतःवर घेऊन बसलेत. तो त्यांच्यावरून उतरव. सगळ्यांसमोर, त्याच पडवीत. रेंज होती, स्नेहल. फोन एक मिनिट बावन्न सेकंद चालला. आवाज स्वच्छ येत होता.

‘तुझीच’ लिहायचं की नाही, ते तू ठरव.

समीक्षा