अक्षरलेखनाचा तास

४ जून
अक्षरलेखन गेलं! प्राचार्यबाईंनी नव्या अभ्यासक्रमाचा कागद पुढे सरकवला. पहिल्या वर्षाला ब्रशचा एकही तास नाही. "मॅडम, अक्षरं आता सॉफ्टवेअर काढतं. मुलांनी फक्त निवडायची." निवडायची — तांदूळ निवडतात तशी! कडाकडा भांडले. शेवटी ठरलं: सोळा तारखेला समितीसमोर प्रात्यक्षिक. पटलं तर विषय राहील. नाही तर कायमची सुट्टी.

५ जून
दिवसभर आमचे मास्तर आठवत राहिले. उत्तरेकडच्या खिडक्यांचा तो हॉल, शाईचा आंबूस वास, चाळीस जणांचा एकदम रोखलेला श्वास. मास्तर खोडरबर जप्त करायचे. "चूक पुसू नकोस गं. तिच्या शेजारी पुन्हा काढ." एका 'अ'पायी माझे एकवीस दिवस गेले. बाविसाव्या दिवशी मास्तर एकही चूक न दाखवता पुढच्या टेबलाकडे गेले. एवढं कौतुक पुढे लग्नातही वाट्याला आलं नाही.

९ जून
भाषण लिहितेय. 'बोटांची बुद्धी', 'हाताची स्मरणशक्ती' — माझीच वाक्यं वाचून माझेच डोळे पाणावले. नवऱ्याने मागून वाकून वाचलं.
"छान. ब्रश कुठाय तुझा?"
"असेल कुठेतरी."
"असेल म्हणजे?"
खवचट मेला!

१६ जून
झाली शोभा.
भाषणाला टाळ्या पडल्या. मग मोठ्या कागदावर 'अ' काढायला ब्रश टेकवला. गोलाईवर रेघ फुगली. आणि डाव्या हाताची दोन बोटं आपसूक टेबलावर आपटली — संगणकावर चूक मागे घ्यायला बटणं दाबतो ना, तशी. नुसत्या लाकडावर! एकदा नव्हे, तीनदा. रेघ ढिम्म. समितीतला तरुण सदस्य मान खाली घालून हसला. त्याने बरोब्बर ओळखलं.
चौदा वर्षं ब्रशची महती गातेय. पडद्यावर ब्रशचे फोटो दाखवून.

१७ जून
कॉलेजात शुकशुकाट. जिन्याशी पेंटर दारांवर खोल्यांचे नंबर रंगवत होता. पट्टी नाही, पेन्सिल नाही. आठाची गोलाई एका दमात! मी बघतच राहिले.
"काय बाई, चुकलं का काही?"
"नाही हो. कुठे शिकलात?"
"शिकतोय कुठला! रोज काढतो, झालं."
पुढचा आकडा काढताना त्याने श्वास रोखला. मीही रोखला. कितीतरी वर्षांनी.

१९ जून
विषय राहिला! तो तरुण सदस्य म्हणे समितीत म्हणाला, "भाषण सोडा हो. त्या बोटांनी पटवलं. माझीही तशीच आपटतात. मुलांची तरी नकोत."

२० जून
अक्षरलेखनाच्या वेळापत्रकात शिक्षकाच्या रकान्यात पेंटरचं नाव लिहिलं. प्राचार्यबाई हबकल्या — "आणि तुम्ही?"
हजेरीपटावर एकेचाळीस मुलं होती. बेचाळिसावं नाव घातलं.