साखरपुड्याचं क्रीम

शनि. २१ नोव्हें. ९८

 लिहून काढलं तर डोकं जरा शांत होईल म्हणून बसले.

सकाळी बेकरीचा माणूस क्रीमची पाकिटं देऊन गेला. सहा, लिटर-लिटरची. उद्याच्या फ्रूट सॅलडसाठी. आमच्याकडे साखरपुड्याला चिरोटी आणि बदामाचं दूध, पण मुलाच्या आईचा पुण्याहून फोन, काहीतरी लाइट ठेवा, क्रीम घातलेलं फ्रूट सॅलड वगैरे. लाइट म्हणे. फ्रिजमधली भाजी सगळी बाहेर काढली, चार पाकिटं कोंबली, दोन समोरच्या शारदाक्कांच्या फ्रिजमध्ये ठेवून आले. येते तर मंजू स्वयंपाकघराच्या दारात उभी, बँकेत जायच्या कपड्यांत.

"आई, मला कौस्तुभशी लग्न नाही करायचं. उद्याचं थांबव."

मला आधी चेष्टा वाटली. हातात टरबूज होतं, तसंच धरून उभी राहिले. का? तर काही नाही. नकोच. काल संध्याकाळी दोघं अंगठीचं माप द्यायला गेली होती कोरमंगलाला, हसत गेली होती. भांडलात का? नाही. काही बोलला का तो? नाही. मग? "कारण विचारू नको." आणि गेली बँकेत. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं काम बुडवत नाही बाई.

ह्यांनी पुण्याला एस.टी.डी. लावला. ते लोक दुपारच्या गाडीत बसणार होते. हे घाबरले की कन्नड बोलतात, पुण्याच्या व्याह्यांना बरं बरं म्हणायचं सोडून नुसतं "सरी... सरी..." चाललेलं. फोन ठेवला आणि पायरीवर जाऊन बसले. चहा नेला तर घेतला नाही.

बेकरीत फोन केला, पाकिटं परत घ्या. "रिटर्न इल्ला अम्मा." परत घेत नाहीत म्हणे.

रवि. २२

आज असायचा होता.

सगळ्यांना सांगितलं, मुलाच्या वडिलांची तब्येत बिघडली, पुढे ढकललंय. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय हे लोकांना ठाऊक, त्यामुळे चटकन पटलं. शारदाक्का तर देवाला दिवा लावते म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी रिकामा वेळ खायला उठला. एक पाकीट फोडलं, म्हटलं चार फळं आहेत ती तरी संपवू. बर्फावर पातेलं ठेवून फेटायला घेतलं. मनात मंजूशी भांडण चालू. मुलगा काळा आहे का, बुटका आहे का, दारू पितो का, व्हाइटफील्डला एवढी चांगली नोकरी, आणखी काय सोन्याचा लागतो. हात थांबेना. खाली बघते तर फुटलेलं. एकीकडे लोण्याचे कण, एकीकडे पाणी. बत्तीस वर्षं स्वयंपाक करतेय, असं कधी झालं नव्हतं. धुऊन लोणी काढलं. एवढ्या क्रीमचं एवढंसं.

हे म्हणाले, सगळ्याचंच तूप करून टाक, सुटशील. नाही म्हटलं. गुरुवारचा दिवस चांगला आहे, भटजींनी आधीच सांगून ठेवलेला. तोवर पोरीचं डोकं ताळ्यावर येईल. क्रीम क्रीमच राहू दे.

मंजूशी बोलले नाही.

सोम. २३

बोलले नाही. मेथी-मटार, त्यात क्रीम. चपात्यांच्या कणकेत क्रीम. डब्यात दिलं, मुकाट्याने घेऊन गेली. चपात्या मात्र कापसासारख्या झाल्या. कौतुक करायला घरात कोणी तोंड उघडत नाही.

शारदाक्का संध्याकाळी दोन्ही पाकिटं घेऊन आल्या. त्यांच्याकडे इडलीचं पीठ ठेवायचंय, स्वल्प जागा हवी. "तोवर टिकेल का हो? काहीतरी गोड करून वाटून टाका ना." वाटून टाका. गोड घेऊन कुणाच्या दारात गेलं की पहिला प्रश्न, काय विशेष? काय सांगू? मुलीने साखरपुडा मोडला, घ्या रबडी?

तेव्हा हे सगळं आम्हा तिघांनाच गिळायचंय.

मंगळ. २४

पुण्याचा फोन. त्याची आई. मी "नमस्कार" म्हणेपर्यंत सुरू. आम्ही काय रस्त्यावर पडलो होतो का, चार माणसांत आमची शोभा केली, आमच्या ह्यांना काल रात्री झोपेची गोळी द्यावी लागली. मी ऐकून घेतलं, चूक आपली म्हटल्यावर काय बोलणार. मग म्हणाल्या, "एक विचारू? मुलीचं बाहेर काही आहे का? असेल तर आधीच सांगायचं होतंत."

अंगावर कोणी उकळतं पाणी ओतावं तसं झालं. माझ्या मंजूबद्दल.

संध्याकाळी ती आल्याआल्या विचारलं. दुसरा कोणी आहे? "नाही." मग कारण सांग. "कारण नाही आई." माझा तोल गेला. ते लोक काय काय बोलतायत, वडिलांनी तीन दिवस धड जेवण केलेलं नाही, नि ही कारण नाही म्हणते. म्हटलं, "तुझं तोंड बघवत नाही मला."

ती शांतपणे ताट घेऊन आत गेली. रडली असती तरी चाललं असतं.

(टोमॅटोच्या सारात क्रीम घातलं, गॅस बंद करायचा विसरले, फाटलं. तसंच खाल्लं.)

बुध. २५

आज हसावं की रडावं.

काल रात्रीच एक पाकीट आटवून नारळाच्या वड्या केल्या होत्या. आमची आई साय घालायची, मी क्रीम घातलं. पांढऱ्याशुभ्र, तोंडात विरघळतात. दोन ताटं झाली. एवढ्या कोण खाणार, म्हणून ह्यांनी सकाळी डबा भरून फॅक्टरीत नेला. मला विचारलंसुद्धा नाही. तिथे डबा उघडल्याबरोबर सगळे भोवती. एनु विशेष, सार? हे डब्याचं झाकण चाळवत राहिले. शेवटी म्हणाले, मुलीला प्रमोशन मिळालं.

टाळ्या. दोघांनी मंजूसाठी फुलांचा गुच्छ पाठवलाय. तो आता हॉलमध्ये टीव्हीवर आहे. मंजूने आल्यावर विचारलं, हे काय? हे म्हणाले, "तू ऑफिसर झालीस." ती पहिल्यांदा हसली या आठवड्यात. मग हेही हसले. मी आत कुकर लावत होते, मला हसू येईना. वाटलं, हे दोघं एका बाजूला आणि मी एकटी.

उरलेल्या तीन पाकिटांपैकी एकाला किंचित वास. नाक लावून लावून बघितलं. उद्याचा दिवस निघेल.

गुरु. २६

काय लिहू. सुचत नाहीये.

दिवस गेला, कोणाचं डोकं ताळ्यावर आलं नाही. संध्याकाळी पुऱ्या तळत होते. वास येणाऱ्या पाकिटातलं क्रीम घालून पीठ भिजवलेलं, पाकातल्या करायच्या म्हणून. बेल वाजली. दारात कौस्तुभ.

व्हाइटफील्डहून दोन बस बदलून आलेला, शर्ट घामाने भिजलेला. मंजू यायची होती, हे बाजारात. परत कसं पाठवू? जेवायच्या वेळेला दारात आलेला माणूस. या म्हटलं, बसा म्हटलं, ताट वाढलं. पहिल्यापासून मी त्याला अहो-जाहो करते, जावई व्हायचा म्हणून. त्याने दोन पुऱ्या खाल्ल्या. तिसरी हातात घेतली आणि रडायलाच लागला. एवढा उंच मुलगा.

म्हणाला, "काकू, मंजिरीने नाही म्हटलेलं नाही. मी तिला म्हणायला लावलं."

कढईत पुरी होती. काळी झाली तेव्हा कळलं.

त्याच्या ऑफिसात एक मुलगी आहे. मल्याळी, ख्रिश्चन. दोन वर्षं झाली. घरी एकदा विषय काढला होता, वडील छातीला हात लावून खाली बसले, त्यानंतर ते ऑपरेशन. पुन्हा बोलायची हिंमत नाही. आईने आमची मुलगी बघितली, हा हो म्हणत गेला, म्हणत गेला, साखरपुडा दोन दिवसांवर आला. शुक्रवारी अंगठीच्या दुकानाबाहेर मंजूला सगळं सांगितलं. मी मोडलं तर वडील राहणार नाहीत, तू मोडलंस तर नुसते चिडतील. आणि ती बरं म्हणाली. रस्त्यात उभ्या उभ्या.

"आई रोज फोनवर तिच्याबद्दल काहीबाही बोलते. मला ऐकवत नाही. तुमची माफी मागायला आलो."

 मंगळवारी मी काय बोलले ते कानात वाजायला लागलं. त्याला म्हटलं, "ऐकवत नाही तर आईला सांग. इथे कशाला रडतोस?" पहिल्यांदा तू म्हटलं. त्याने मान खाली घातली. म्हटलं जेव आता, टाकू नको.

मंजू यायच्या आत गेला.

शुक्र. २७

काल रात्री तिला पुऱ्या वाढल्या आणि झोपायला गेले. आज बँकेला सुट्टी घे म्हटलं, तिने घेतली. बहुतेक चेहऱ्यावरून ओळखलं.

उरलेली दोन्ही पाकिटं ओतली. लोणी काढून कढवायला ठेवलं. आता कशासाठी राखायचं. दोघी गॅसपाशी उभ्या, ती ढवळत होती.

मला का नाही सांगितलंस? "सांगितलं असतं तर तू त्याच मिनिटाला पुण्याला फोन केला असतास." खरं आहे, केला असता. पण म्हणून स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं? तुझ्याशी उद्या कोण लग्न करेल, ते लोक काय म्हणतायत ऐकतेस ना? आई-बाप समोर मरत होते ते दिसत नव्हतं?

तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "त्याचं घर हे सोसणार नाही म्हणाला. मला वाटलं, आपलं सोसेल."

 सात दिवस मी हिला काय काय ऐकवलं आणि ही आमच्या भरवशावर होती. माझ्या.

जवळ घ्यायला गेले तर अंग ताठ. नंतर सैल पडलं.

विचारलं, तुला आवडला होता का गं तो? म्हणाली, "तूप खाली लागेल, बघ."

आवडला होता.

शनि. २८

ह्यांना सांगितलं. पेपर हातातून खाली. आधी म्हणाले आत्ता पुण्याला फोन लावतो. मग म्हणाले नको, त्या माणसाला काही झालं तर? मग आंघोळीला गेले ते तासभर बाहेर आले नाहीत.

दुपारी पुण्याचा फोन आलाच. ती दोघं उद्या सकाळी येतायत. यशवंतपूर स्टेशनला उतरणार. "तुमच्या मुलीने आमच्या तोंडावर कारण सांगायचं. तेवढं ऐकू आणि परत जाऊ. कौस्तुभलाही बोलावलंय."

मी रिसीव्हर धरून उभी. जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. मंजू समोर उभी राहून मान हलवत होती, नको, नको. "या," म्हटलं आणि ठेवला.

मग आमचं वाजलं. तिचं एकच, शब्द दिलाय. मी म्हटलं तुझा शब्द, माझा नाही. तो मुलगा घाबरट आहे, त्याच्यासाठी तू जन्मभर नाव खराब करून घेणार? ती म्हणाली, "त्याच्यासाठी नाही. मला बघायला आले तेव्हा त्याच्या वडिलांनी स्वतःच्या ताटातला लाडू दिला होता. ते गेले तर मी कुठे तोंड लपवू?"

  हे म्हणतात, मुलीचं ऐकू. मला ते पटतही नाही आणि त्यांना चूकही म्हणता येत नाही.

रवि. २९

हे पहाटेच स्टेशनवर गेलेत. आत्ता तिथून फोन आला, गाडी लागली, रिक्षा बघतोय.

उपमा झालाय. भरपूर तूप घालून. काल तिकडच्या बाईंवर एवढा संताप, आणि आज त्यांच्या नवऱ्याला तूप चालतं की नाही म्हणून मी ऑपरेशनवाल्यासाठी वेगळा थोडा बिनतुपाचा काढून ठेवला. माझं मलाच कळत नाही.

कौस्तुभ आधीच आलाय. हॉलमध्ये खुर्चीच्या टोकावर बसलाय, पाणीसुद्धा नको म्हणाला. त्याच्यापुढून दोनदा गेले. काही बोलेल म्हणून. बोलला नाही.

मंजूने माझी निळी म्हैसूर सिल्क नेसलीय. मी नको म्हटलं होतं, बघायला येतायत का तुला परत? पण छान दिसते. केस विंचरून स्वयंपाकघरात आली, माझ्या शेजारी उभी राहिली.  म्हणाली, "आई, ते विचारतील तेव्हा तू माझ्या बाजूला बसशील?"

बसते म्हटलं.

बोलणार नाही, असं म्हटलं नाही. तिनेही ते विचारलं नाही.

रिक्षा थांबली.