आईचा गुडघा

ती. आईस,

लांबूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. ताई येऊन जाते ना अधूनमधून?

इथे मी वेबसाइटसाठी लेख लिहिते. सुरुवातीला संपादकबाई म्हणायच्या, "माहिती बरोबर आहे, पण समोर बसून बोलल्यासारखं लिही." तेव्हा तू आठवलीस. भाजी निवडता निवडता तू गोष्ट सांगायचीस आणि ऐन रंगात आली की "थांबा, दूध बघून येते" म्हणून उठायचीस. आम्ही दोघी जागच्या हलायचो नाही.

आता प्रत्येक लेख मी तुलाच सांगते. वर तुझ्यासाठी एक ओळ लिहिते आणि पाठवताना ती काढून टाकते.

परवा फ्रिज साफ करण्याच्या लेखात ती काढायची राहिली. "आई, ऐक ना, गुडघा कसा आहे?" हे सगळ्यांनी वाचलं. खाली वाचकांनी फ्रिजबद्दल चकार शब्द काढलेला नाही. सगळे विचारतात, आईचा गुडघा कसा आहे?

फोनवर तू "बरा आहे" म्हणतेस आणि लगेच दूध बघायला जातेस. लोकांना काय सांगू, ते खरं खरं लिही.

तुझी,
अजून तिथेच बसून राहिलेली धाकटी