उणे अठ्ठावीस वर्षांची मुलगी

४ फेब्रुवारी १९८८
मनकर्णा, आमच्या उद्धवची थोरली, यंदा दहावीला. गणितात कच्ची. उद्धवने बजावले, पास झाली तर आदिलाबादला कॉलेज, नाही तर भीमपूरचं स्थळ तयार हाये. म्हणालो, गणित माझ्यावर सोड. तीस वर्षे मराठी शिकवली. ज्याला कविता पाठ होते, त्याला काहीही पाठ होते.

६ फेब्रुवारी, पहाटे
दोन समीकरणे. वरच्यातून खालचे वजा करताना खालच्या प्रत्येक पदाचे चिन्ह बदला, असे पुस्तकात आहे. रूक्ष भाषा! पद्यात उतरवले:
खालचे पहिले चिन्ह फिरवा
दोघांचा मग मेळच जुळवा
‘प्रत्येक पदाचे’ सोळा मात्रांत बसेना. गाळले. अर्थाला बाधा नाही.
मनकर्णाने चाल लावून म्हटले. आमच्या इचोडा गावात असा गळा नाही.

११ फेब्रुवारी
बाप-मुलीच्या वयांची बेरीज छप्पन्न, बापाचे वय मुलीच्या तिप्पट.
क्ष + य = ५६
क्ष − ३य = ०
पद्याप्रमाणे केले. बाप चौऱ्याऐंशी, मुलगी उणे अठ्ठावीस. पुस्तकात बेचाळीस आणि चौदा. छपाईची चूक.
मनकर्णा हसत सुटली, आबा, पोरगी पैदा व्हायची हाये का अजून? वर विचारते, शाळेत नागनाथ सर तर सारेच चिन्हं बदलतात, तुमी काऊन एकच बदलून राह्यले? म्हणालो, सर तरुण आहेत.

२० फेब्रुवारी
संकल्प: रोज दहा उदाहरणे.
आज एक. चष्म्याची काडी सैल. उरलेला वेळ कविता. पोर ऐकत बसली.

२९ मार्च
गणिताचा पेपर. समीकरणे आली होती! मनकर्णा म्हणाली, सरांचं काहीच आठवलं नाही आबा, तुमचंच गाणं आठवलं.
डोळे भरून आले.

२१ मे
निकाल. गणितात एकतीस. हवे होते पस्तीस.
नागनाथ सर घरी आले. पेपरातले समीकरण तिच्याकडून पुन्हा सोडवून घेतले. तिने एकच चिन्ह बदलले. सर म्हणाले, इथंच पाच मार्क गेले की बाई, हे कोणी शिकवलं तुला? ती म्हणाली, कोणी नाही सर, माह्याच डोक्यात शिरलं नाही.
माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

२२ मे
पुस्तक पुन्हा वाचले. छपाई बरोबर आहे.
पोरीची चूक नाही, तिला पुरवणी परीक्षेला बसू दे, असे उद्धवला सांगायचे. उद्या.

२३ मे
उद्धव घाईत होता.

२४ मे
भीमपूरचे पाहुणे. त्यांच्यासमोर कसे बोलणार?

२८ मे
सुपारी फुटली. मनकर्णा पाया पडायला आली तेव्हा उद्धव शेजारीच उभा होता.
फक्त आशीर्वाद दिला.